जमिनीला टेकलेली वाट

रंगू त्या दिवशी घरातून निघाली होती ती नुसते ब्रश आणायला. जुने रुंद ब्रश झिजून त्यांचे केस गळायला लागले होते, आणि संध्याकाळी वळणावरच्या भिंतीपाशी सगळी गल्ली रंगकामाला जमणार होती. एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात सासूबाईंचा हात. सासूबाईंना घरात एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. त्यांना विसर पडत गेला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग आजचा वार, मग शेजारीपाजारी, आणि शेवटी सून. आपली थोरली बहीणच आपल्याला सांभाळते आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. त्या सुनेला "ताई" म्हणत, आणि रंगूनेही ती समजूत कधी मोडली नाही.

"ताई, आपण घरी कधी जायचं गं?"

"ब्रश घेतले की लगेच, आई."

"हे घर नाही. आपलं घर."

"हो, तिथेच."

रोजचंच बोलणं. तेवढ्यावर सासूबाईंचं समाधान होई. अंगावरची जांभळी शाल सावरत त्या पाय ओढत चालू लागत. त्यांच्या उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं, लहानपणापासून. त्यामुळे चाल सावकाश. रोज संध्याकाळी रंगू त्या पायांना कोमट तेल लावायची, नखं कापायची. त्या पायांची रेघ न् रेघ तिला पाठ होती.

रंगू हे काही तिचं खरं नाव नव्हे. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचं काम ती वडिलांकडून शिकली होती. नखांत कायम कुठला ना कुठला रंग असायचा, म्हणून गल्लीने तिला रंगू केलं आणि ती रंगूच राहिली.

आता त्या भिंतीचं सांगते. टेकडी कापून रस्ता वळवला, तेव्हा माती खाली घसरू नये म्हणून ती लांबलचक उंच भिंत बांधलेली. गल्लीच्या अगदी समोर. पण तिच्याकडे बघायची कुणाची इच्छा होत नसे. फाटक्या गाद्या, फुटके कमोड, नासकी भाजी, सगळं येणारे-जाणारे तिथे टाकून जात. ओलसर, आंबूस वास यायचा. संध्याकाळी बायका तिकडून जाताना पावलं उचलून जायच्या.

शेवटी शिवणवालीच्या डोक्यात आलं की भिंतीवर चित्रं काढायची. शिवणवाली म्हणजे रंगूची शेजारीण. गळ्यात कायम मोहरी रंगाचा रुमाल, आणि पुढचा एक दात अर्धा, दातांनी दोरा तोडून तोडून झिजलेला.

"रस्ता व्हायच्या आधी इथे रान होतं म्हणतात," ती म्हणाली. "मग रानच काढ ना परत. प्राण्यांच्या तोंडावर कचरा टाकायला माणसाला जरा तरी लाज वाटेल."

"आणि नाही वाटली तर?"

"तर वाघ काढ. भीती तरी वाटेल!"

कचरा उपसायलाच कितीतरी दिवस गेले. मग भिंत घासून पांढरी केली आणि कामाची वाटणी झाली. रंगू कोळशाने आकृती काढणार आणि प्रत्येक भागावर कुठला रंग भरायचा ते लिहिणार. घराघराने आपापला प्राणी रंगवायचा. डोळे मात्र सगळ्यात शेवटी, रंगूने स्वतः. शिवणवालीने घुबड मागून घेतलं. "रात्रभर जागून शिवते, मला तेच शोभतं." कोपऱ्यावरच्या निवृत्त पोस्टमनकाकांनी हरणांचा कळप घेतला. काकांचा खोकला गल्लीत प्रसिद्ध होता. ते दिसायच्या आधी त्यांचा खोकला यायचा, आणि मागोमाग त्यांची खाकी टोपी.

"सगळी चरणारीच काढ हं, रंगू," काका खोकत म्हणाले. "माना खाली. निवांत. एकानेही मान वर केली म्हणजे समजायचं, जवळपास काहीतरी आलंय."

रंगूने तशीच काढली. सगळ्या माना खाली, कान सैल.

रानातून जाणारी एक वाटही तिने काढली. भिंतीवरच्या डोंगरातून निघून झाडांमधून वळत वळत खाली येणारी. पण ती जमिनीपर्यंत आणली नाही. चांगली हातभर वर, एका झुडपात संपवली.

"अर्धवट का सोडलीस?" शिवणवालीने विचारलं.

"वडिलांची शिकवण. भिंतीवर वाट काढली तर ती जमिनीला टेकवायची नाही. वळणावर तर मुळीच नाही. गाडीचा उजेड पडला की चालवणाऱ्याला रस्ता पुढे आहे असं वाटतं."

"एवढंच कारण?"

"त्यांनी एवढंच सांगितलं होतं बाई."

सासूबाई रोज तिथे खुर्ची टाकून बसत आणि मातकट वाटेकडे टक लावून बघत. एका दुपारी त्यांनी हात पुढे केला. "ताई, मला दे ना ब्रश." रंगूने मातकट रंगाचा डबा दिला, वाटेचा एक तुकडा दाखवला आणि ती घुबडाच्या पंखाकडे वळली. परत येऊन बघते तो सासूबाई खुर्चीवरून उठून खाली बसलेल्या. वाट झुडपावरून ओढत ओढत त्यांनी पार जमिनीला आणून टेकवली होती.

"झाली बघ पुरी," त्या म्हणाल्या. तोंडभर हसत होत्या. इतक्या वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या. "आता पाय ठेवता येईल."

रंगूने वरून हिरवा मारायला ब्रश उचलला. मग तिने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. राहू दे, म्हणाली. म्हातारीचं मन कशाला मोडा.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती थंडीने. दार सताड उघडं. बाहेर धुकं. सासूबाईंचं अंथरूण रिकामं.

तिने नवऱ्याला हलवून उठवलं. नवरा बस चालवायचा. तोही तसाच उठून अनवाणी धावला. शिवणवाली, काका, सगळी गल्ली बाहेर पडली. "आजी! अहो आजी!" हाका धुक्यात जाऊन विरत होत्या. रस्त्यावर कुठल्या गाडीखाली... ते वाक्य कुणीच पुरं करत नव्हतं.

रंगू शोधत शोधत भिंतीपाशी आली आणि थबकली.

वाट अजून पुरती वाळली नव्हती. आणि तिच्यावर पावलं उमटली होती. अनवाणी, आत जाणारी. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं.

आधी तिच्या मनात आलं, सासूबाईंनी भिंतीला पाय टेकवून चाळा केला असेल. मग तिची नजर वाटेवरून वर वर गेली. पावलं लहान होत गेली होती. खाली माणसाच्या पायाएवढी, झुडपापाशी वीतभर, वळणापाशी बोटाएवढी, आणि पलीकडच्या झाडांत नुसते ठिपके. लांब जाणारी वस्तू चित्रात कशी लहान होत जाते, ते मोजून-मापून काढायला तिला वडिलांनी कितीतरी वर्षं शिकवलं होतं. इथे कुठे केसाचाही फरक नव्हता. कुणी मस्करीत पाय उमटवले असते, तर सगळे एकाच मापाचे आले असते. आणि एवढ्या उंचीवर पाय पोचणार तरी कुणाचा?

"रंगू!" गल्लीतून शिवणवालीची आरोळी आली. "अगं ये लवकर! आजी घरीच आहेत!"

सासूबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, पाठ ताठ, हातात चहाचा कप. तो त्यांनी स्वतः केलेला होता. उंबऱ्याबाहेर माणसांची गर्दी झालेली बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"दार उघडं टाकून कुठे गेला होतात सगळे? आणि सूनबाई, साखर संपत आलीय. आणायला हवी."

नवरा उंबरा ओलांडून आत आला.

"आई... मी कोण?"

"हे काय विचारणं झालं? माझा मुलगा. आणि दाढी कर आधी."

तो खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. शिवणवालीने डोळ्यांना रुमाल लावला. रंगूलाही रडू आलं. पण ते कशाने आलं ते तिचं तिलाच कळेना. "सूनबाई" ही हाक ती विसरून गेली होती. ती ऐकल्यावर आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं.

"आई, तुमची शाल कुठे आहे?" तिने विचारलं.

"कुठली शाल?"

डॉक्टर येऊन गेले. असं घडतं कधी कधी, आम्हालाही सगळं कळत नाही, म्हणाले. संध्याकाळी रंगूने नेहमीसारखं कोमट तेल आणलं. सासूबाईंचे पाय मांडीवर घेतले. त्यांच्या अंगाला रंगाचा वास येत होता, ताज्या रंगाचा, आणि त्याखाली ओल्या पाल्याचा. तिने उजव्या पायावरून हात फिरवला आणि पाय उजेडाकडे वळवून पाहिला.

बोटं सरळ होती. पाचही, ओळीने, सरळ.

"काय बघतेस?"

"काही नाही... हे बोट..."

"बरं झालं ते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "चालून चालून."

सकाळी उजाडताच रंगू भिंतीपाशी गेली. काल धुक्यात आणि घाबरगुंडीत जे दिसलं नव्हतं, ते आज स्पष्ट दिसलं. आत गेलेल्या पावलांच्या शेजारून दुसरी पावलं बाहेर आली होती. ठिपक्यांतून बोटाएवढी, बोटाएवढ्यातून वीतभर, आणि जमिनीपाशी पुऱ्या मापाची. त्यांच्यात चढलेलं बोट कुठेच नव्हतं. सगळी बोटं सरळ.

आणि डावीकडे, चरणाऱ्या कळपातल्या एका हरणाने मान वर केली होती. त्याचे कान ताठ होते.

"काका, हे हरीण तुम्ही बदललंत?"

"मी? छे. मला वाटलं तूच केलंस." काकांना खोकल्याची उबळ आली. "औषधाच्या दुकानवाल्यांनी हात मारला असेल. सगळे मिळून रंगवतायत, कोण कुठे काय करतंय याचा मेळ लागतो का? पण एक सांगतो, रंगू... पहाटे फिरायला जातो ना, तर या वाटेपाशी पाय आपोआप थांबतात. आतून गार वारा येतो बघ."

"भिंतीतून?"

काका हसले आणि टोपी सावरत निघून गेले.

ती दिवसभर वाट निरखत राहिली, आणि उन्हं उतरताना तिला तो ठिपका दिसला. पार टोकाला, डोंगराच्या कडेला, मोहरीच्या दाण्याहून लहान. जांभळा. त्यांनी आणलेल्या रंगांत जांभळा नव्हताच. तिने शिडीवर चढून नखाने खरवडून पाहिलं. निघाला नाही. दोन दिवसांनी तो मोहरीएवढा झाला, मग ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि पहिल्या झाडाच्या अलीकडे सरकला. तेव्हा रंगूला समजलं. आई परत येत होत्या. त्यांची चाल सावकाश होती, एवढंच. त्या येईपर्यंत वाट उघडी राहायला हवी होती. बाकी काही नाही, फक्त ती वाट उघडी राहायला हवी होती.

त्या दिवसापासून तिने कुणाला त्या वाटेला हात लावू दिला नाही. घरात ती दुसरी बाई वावरत होती. नीटनेटकी, सगळं लक्षात ठेवणारी, सगळ्यांची चौकशी करणारी. गल्ली तिच्यावर खूश होती. गल्लीतही सगळं चांगलंच चाललं होतं म्हणा. कचरा बंद झाला होता. गाड्या प्राणी बघायला हळू होत. काकांचा खोकला एका पहाटेनंतर एकदम थांबला. "या भिंतीने हवाच बदलली," लोक म्हणाले. शिवणवालीने दात बसवून घेतला असावा. हसली की सगळे पांढरेशुभ्र, एका ओळीत. मात्र ती हसायची कमी. चेष्टामस्करी तर सुटलीच होती. कामाचा ताण असेल, रंगूच्या मनात आलं. तिचं स्वतःचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं? ती रोज एकच बघत होती. जांभळा ठिपका आता झुडपापर्यंत आला होता. त्याला डोकं दिसत होतं, वाकलेले खांदे दिसत होते. आणि रोज आणखी एक-दोन हरणं माना वर करत होती.

भिंतीचं काम संपवायचा दिवस ठरवायला सगळे जमले, तेव्हा शिवणवालीच पहिल्यांदा बोलली.

"ती वाट बुजवली पाहिजे."

"तू म्हणतेस? अर्धवट का सोडलीस म्हणून तूच तर विचारलं होतंस!"

"वाट जमिनीला टेकवायची नसते." तिचा आवाज सपाट होता. "तूच सांगितलं होतंस."

"बुजवायलाच हवी," काका म्हणाले. खोकल्याशिवाय त्यांचा आवाज अनोळखी वाटला.

"बुजवू या," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम रंगूकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मी जिवंत असेपर्यंत नाही," म्हणाली, आणि आपण असं कसं बोललो याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. पाय, पावलं, ठिपका, हरणं. तो ऐकत राहिला. आधी वैतागला. "अगं, आई बरी झालीय. जग आनंद करतंय आणि तुला काय खुपतंय?" पण ती हुंदके द्यायला लागली तसा तो मऊ झाला. निळा गणवेश खुंटीला लावता लावता म्हणाला, "बरं, रडू नकोस. उद्या पहाटे ड्युटीला जाताना मी स्वतः बघतो. अगदी जवळ जाऊन. मग तर झालं?"

"जवळ नका जाऊ हो."

"वेडी आहेस. भिंत आहे ती."

त्याची एक सवय होती. ड्युटी संपवून वळणावर आला की तो दोन छोट्या शिट्ट्या मारायचा. त्या ऐकल्या की रंगू चहा टाकायची. लग्न झाल्यापासून कधी चुकल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शिट्टी आलीच नाही. ऊन कलत होतं, रंगू पाट्या रंगवत बसली होती, आणि वर पाहिलं तर तो दारात उभा.

"इतक्या लवकर? आणि शिट्टी...?"

"आईने सांगितलं म्हणून ते काम उरकून आलो," तो म्हणाला. त्याच्या हातांना हिरवा रंग होता. "वाट बुजवली. झुडपं काढली वर."

पुढे तो काय बोलला ते तिने ऐकलं नाही. टर्पेंटाइनचा डबा आणि फडकी उचलून ती धावत सुटली. भिंतीवर खालपासून वरपर्यंत हिरवे फटकारे होते, अजून ओले. वाट कुठेच दिसत नव्हती. ती शिडीवर चढून वरून पुसायला लागली. फडकं संपलं तेव्हा पदराने, मग उघड्या तळव्यांनी. हिरवा चिखल कोपरापर्यंत ओघळला. वास डोक्यात जात होता. वरची वाट उघडी झाली. तिच्यावर पावलांची गर्दी होती. किती माणसांची होती कुणास ठाऊक, आत जाणारी आणि बाहेर येणारी. खूप लांब काही ठिपके होते. एक मोहरी रंगाचा, एक खाकी, आणि सगळ्यात मागे एक निळा. कुणीतरी ब्रश झटकला असेल, तिला वाटलं. तिचे डोळे जांभळा शोधत होते.

जांभळा नव्हता.

शेवटी तिने गुडघ्यांवर बसून अगदी जमिनीलगतचा हिरवा पुसला, आणि तिच्या घशातून आवाज निघाला. तिथे दोन पावलं शेजारी शेजारी उभी होती. पुऱ्या मापाची. बोटं तिच्याकडे. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. म्हणजे आई पोचल्या होत्या. अगदी वाटेच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि वरून हिरवा फिरला होता.

"आई," ती भिंतीला कपाळ टेकवून म्हणाली. "आई, मी उघडली हो वाट... मी उघडली..."

भिंत गार होती. कळपातल्या सगळ्या हरणांच्या माना वर होत्या.

ती घरी कशी आली ते तिला आठवत नाही. दार लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत संध्याकाळचा पिवळट उजेड होता, आणि खुर्चीवर कुणीतरी पाय वर घेऊन आखडून बसलं होतं. अंगावर जांभळी शाल. शालीच्या काठाला ओला हिरवा रंग.

"ताई," सासूबाई म्हणाल्या, "किती चालवलंस गं. पाय दुखले."

रंगूने खाली बसून ते पाय हातात घेतले. थंडगार, मातीने भरलेले. बोटावर बोट चढलेलं. तिने ते पाय छातीशी धरले आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. "उगी. रडतेस कशाला? आले ना मी घरी."

स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज झाला.

"सूनबाई," आतून तोच आवाज म्हणाला, "कोणाशी बोलतेस?"

सासूबाईंचा केसांतला हात थांबला. त्या रंगूच्या कानाशी वाकल्या.

"तिला सांगू नकोस हं मी आले ते... आणि वाट उघडीच ठेव, ताई. बाकीचे मागून येतायत. ती शिवणारी आहे, टोपीवाले आहेत, दम लागलाय बिचाऱ्यांना. आणि माझा मुलगा... तो आजच आत आला. मला शोधत होता. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, पण त्याने ऐकलं नाही. आधी पार आत गेला..."

रंगूच्या डोळ्यांपुढे तो सगळ्यात मागचा निळा ठिपका आला.

दार ढकललं गेलं. नवरा आत आला. हातात हिरव्या रंगाचा डबा, आता रिकामा. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग रंगूकडे, आणि हसला.

"तू पुसून ठेवलीस होय ती वाट? वेडी कुठली. परत बुजवून आलो. या खेपेला रंगाचे दोन हात दिलेत."

"शाबास," स्वयंपाकघरातून आवाज आला. पावलं बाहेरच्या खोलीकडे यायला लागली.

रंगूने सासूबाईंचे पाय घट्ट धरले. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो हसत उभा होता. ओठ मिटलेले.

आणि बाहेर, लांब वळणाच्या बाजूने, जाड भिंतीपलीकडून यावा तसा दबलेला आवाज आला. दोन छोट्या शिट्ट्या.

"बघ, आला तो," सासूबाई हरखून म्हणाल्या. "चहा टाक ना, ताई."